कणकेच्या डब्याला कुलूप

मित्रहो, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. साखर किती घालायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या एका मित्राने किटो सुरू केला. वय बावन्न, किराणा दुकान, सात-आठ वर्षांपासून शुगरची गोळी, पोट सुटलेलं. कुणीतरी त्याला एका 'कोच'च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. भाकरी बंद, भात बंद, पोळी बंद, चहातली साखर बंद. दिवसभरात कर्बोदकं वीस ग्रॅमच्या आत. चार दिवस नेटाने काढले. पाचव्या रात्री साडेअकराला हा गडी स्वयंपाकघरात अंधारात उभा राहिला आणि नातवाचा अख्खा बिस्किटपुडा संपवला, वर गुळाचा खडा. सकाळी प्रामाणिकपणे ग्रुपवर कबुली दिली. कोचसाहेबांनी त्याचं नाव 'आजचे घसरलेले' अशा यादीत टाकलं, खाली रडका चेहरा. वर एक वाक्य: ज्यांचा जिभेवर ताबा नाही त्यांनी ग्रुप सोडला तरी चालेल.

मग याने प्रायश्चित्त घेतलं. दुसऱ्या दिवशी फक्त पाणी. पण शुगरची गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. अकराच्या सुमारास दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरच्या गिऱ्हाइकाला काय बोलतोय ते कळेना. वहिनी मागेच होत्या म्हणून बरं. त्यांनी पटकन साखरपाणी पाजलं आणि रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी झापझाप झापलं. गोळी चालू असताना उपाशी राहायचं नाही, आणि असला आहार मला विचारल्याशिवाय सुरू करायचा नाही.

संध्याकाळी मी भेटायला गेलो. मला वाटलं होतं घाबरला असेल. घाबरलेला नव्हता, खजील झाला होता. म्हणाला, "मास्तर, माझं मनच कच्चं. बिस्किटापुढे हरलो."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर, तोही निवृत्त. डॉक्टरकी मला येत नाही. पण 'मनच कच्चं' हे वाक्य ऐकलं आणि वाटलं की याला एक इतिहास आहे, आणि तो या माणसाला माहीत असता तर त्याने ते पाणी पिऊन प्रायश्चित्त घेतलं नसतं. किटोचा मी प्रचारक नाही आणि विरोधकही नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की पिष्ट आणि साखर एकदम तोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जी तलफ येते, तिच्याशी माणसं गेली सव्वादोनशे वर्षं झगडताहेत. त्यात कुलपं हरली आहेत आणि चरबी, मीठ, सोबत अशा साध्या गोष्टी जिंकल्या आहेत.

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा. भूक वेगळी, तलफ वेगळी, खा-खा वेगळी, चटक वेगळी, वखवख वेगळी. आपल्या आज्यांना हा फरक माहीत होता. "त्याला भूक नाही लागलेली, खा-खा सुटलीय" असं त्या सरळ म्हणायच्या. व्हॉट्सॲपच्या कोचला मात्र सगळ्यासाठी एकच शब्द येतो: चीटिंग.

सुरुवात १७९७ सालापासून करू. जॉन रोलो नावाचा ब्रिटिश तोफखान्याचा सर्जन होता. त्याने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या मधुमेही अधिकाऱ्यावर जवळजवळ संपूर्ण मांसाहाराचा प्रयोग करून त्यावर पुस्तक लिहिलं. इन्सुलिन सापडायला अजून सव्वाशे वर्षं होती. लघवीतून साखर जाते ना, मग साखर होईल असं खाणंच थांबवा, हा साधा हिशोब. चरबी, रक्ताचे सॉसेज, मुद्दाम जुनं केलेलं मांस. कॅप्टनसाहेबांची प्रकृती सुधारली. पण अशा आहारावर रुग्णाला टिकवायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकाच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसला अपोलिनेर बुशार्दा नावाचा डॉक्टर होता. हुशार माणूस. फ्रेंच माणसाची पाव तोडायची म्हणजे काय, हे त्याला बरोबर कळलं होतं. आपल्याकडे भाकरी तोडण्यासारखंच ते. म्हणून त्याने १८४१च्या सुमारास ग्लूटेनचा पाव काढला. पीठ धुऊन त्यातलं पिष्ट काढून टाकायचं आणि उरलेल्या चिकट भागाचा पाव करायचा. आज ऑनलाइन जो 'किटो आटा' चढ्या भावाने विकत घेताय ना, त्याचे हे पणजोबा. १८७०-७१ला पॅरिसला वेढा पडला, अन्नधान्य संपत आलं, तेव्हा याच बुशार्दाला दिसलं की त्याच्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. त्यातून कमी खा, हा त्याचा उपदेश आणखी पक्का झाला.

पण सगळे बुशार्दासारखे समजूतदार नव्हते. इटलीत नेपल्सला अर्नाल्डो कांतानी होते. त्यांची पद्धत सरळ होती: रुग्णाला खोलीत कोंडा आणि बाहेरून कुलूप लावा. आत फक्त मांस आणि चरबी. पुढे स्ट्रासबुर्गला बर्नहार्ड नाउनिन यांनीही गरज पडली तर रुग्णांना खोलीत बंद करून ठेवलं, काहींना पाच-पाच महिने. हे कुणी क्रूर लोक नव्हते, आपापल्या काळातले नामांकित डॉक्टर होते. त्यांना रुग्ण वाचवायचा होता. पण त्यांचं निदान असं की रुग्ण चोरून खातो कारण तो दुबळा आहे किंवा लबाड आहे, आणि यावर उपाय म्हणजे पहारा.

या विचाराचं टोक गाठलं गेलं अमेरिकेत, १९१४ ते १९२१ या काळात. डॉ. फ्रेडरिक ॲलन. आधी न्यूयॉर्कचं रॉकफेलर इस्पितळ, नंतर न्यू जर्सीत स्वतःची संस्था. त्यांनी कर्बोदकं तर तोडलीच, पण एकूण अन्नही इतकं कमी केलं की लोक त्याला उपासमारीचा उपचार म्हणू लागले. भाज्या तीन-तीनदा उकळून, दर वेळी पाणी फेकून द्यायचं, म्हणजे उरलंसुरलं पिष्टही जाईल. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून कोंड्याची बिस्किटं. ॲलन यांच्या नोंदींत एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत आहे. मधुमेहाने दृष्टी गेलेली. आहार काटेकोर, तरीही लघवीत साखर येत राहिली. डॉक्टरांना कळेना. आंधळं, अंथरुणाला खिळलेलं पोर, ते काय चोरून खाणार? खूप दिवस नाकारल्यावर शेवटी त्याने कबूल केलं. तो टूथपेस्ट खात होता. आणि पक्ष्याचे दाणे. त्याने हट्टाने एक कॅनरी पक्षी मागून घेतला होता, त्याच्या पिंजऱ्यातले.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. मुलगा वाचला नाही. शेवटी उपासमारीनेच गेला.

आता याच्या अगदी उलट उदाहरण, त्याच डॉक्टरांकडचं. एलिझाबेथ ह्यूज. वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. १९१९ साली, अकरा वर्षांची असताना मधुमेह निघाला. ही मुलगी चोरून खात नसे. तीन वर्षं. कधी दिवसाला चारशे-पाचशे कॅलरी, आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपास. वाढदिवसाला केक म्हणून टोपी ठेवायच्या खोक्याला गुलाबी-पांढरा कागद लावून वर मेणबत्त्या. सहलीला बाकीचे मटण, मासे, मक्याची कणसं, कलिंगड खायचे आणि ही आपल्या छोट्या तव्यावर स्वतःचं ऑम्लेट करायची. ऑगस्ट १९२२मध्ये, पंधरावा वाढदिवस जवळ आला असताना, तिला टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेलं तेव्हा वजन होतं पंचेचाळीस पौंड. वीस-एकवीस किलो. आपल्याकडे सहा-सात वर्षांच्या पोराचं असतं तेवढं.

तिला इन्सुलिन मिळालं. काही आठवड्यांत ती पांढरा पाव खायला लागली, मका, मॅकरोनी, आणि आईला लिहिलेल्या पत्रांत तो आनंद नुसता ओसंडून वाहतोय. पुढे तिने लग्न केलं, मुलं झाली, १९८१ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती गेली. आता मला सांगा, या मुलीपेक्षा जास्त मनोनिग्रह कुणाचा असेल? आणि तीन वर्षांच्या त्या लोखंडी निग्रहाने तलफ मेली होती का? अजिबात नाही. ती आत तशीच बसून होती. दार उघडल्याबरोबर बाहेर आली. म्हणजे तलफ येणं आणि मन कच्चं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला एलिझाबेथसारखा दुसरा साक्षीदार मला तरी सापडला नाही. फरक एवढाच, की ती खरोखरच उपाशी होती. तिची तलफ म्हणजे निव्वळ भूकच होती, आणि भुकेला उपदेश करून काही होत नाही.

(जाता जाता: या फ्रेडरिक बँटिंगचे दूरचे नातलग विल्यम बँटिंग, लंडनचे. राजघराण्याच्या अंत्यविधींची व्यवस्था करणारे. ते आधी वजन उतरवायला नाव वल्हवू लागले, तर भूक आणखीच वाढली! १८६३ साली त्यांनी पाव, साखर, बटाटा, बिअर सोडून वजन कसं उतरवलं यावर पुस्तिका लिहिली आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणे' असं क्रियापदच झालं. स्वीडनमध्ये वजन कमी करण्याला आजही 'बांता' म्हणतात. त्यांचा आहार किटो नव्हता, लोणीसुद्धा वर्ज्य होतं. पण दिवसातून तीन वेळा मांस-मासे, दुपारी-रात्री वाइन, संध्याकाळी थोडं फळ. माणूस एक दिवस उपाशी राहिला नाही, आणि वर्षभरात छेचाळीस पौंड उतरला.)

आता दुसरी बाजू. अशी माणसं, ज्यांनी पिष्ट सोडलं आणि ज्यांची खा-खा खरंच थांबली.

१८७८ ते १८८० या काळात अमेरिकन लष्कराचा लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाट्का उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात, हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेच्या खुणा शोधत हिंडत होता. स्लेजवरून तीन हजार मैलांवर प्रवास. जवळचा शिधा संपला तसं इनुइट सोबत्यांसारखं रेनडिअरच्या मांसावर आणि चरबीवर राहायचं. त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की सुरुवातीला या आहाराने अंगात ताकदच वाटत नाही, मोठी मजल मारवत नाही. पण दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप जातं. रोजनिशी प्रसिद्ध झाली १९६५ साली. मला यातली गंमत वाटते ती ही, की हा माणूस कुणाला उपदेश करत नाहीये. रस्त्यातला खड्डा दाखवावा तसं सांगतोय: इथे जरा लागेल, पुढे सपाट आहे.

त्याच्यानंतर विल्यालमर स्टेफान्सन. कॅनडात जन्मलेला, आइसलँडी आईबापांचा मुलगा. इनुइट लोकांमध्ये वर्षानुवर्षं राहिला आणि परत येऊन म्हणू लागला की मी नुसत्या मांस-चरबीवर ठणठणीत होतो. डॉक्टरांनी वेड्यात काढलं. मग १९२८ साली तो आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखल झाले आणि वर्षभर मांसावर राहिले. पैसा मांस-उद्योगाच्या संघटनेने पुरवला होता, हेही लक्षात ठेवा. आहारशास्त्रात पैसा कुणाचा हे नेहमी विचारावं, मग तो मांसवाल्यांचा असो की साखरवाल्यांचा. आपण तर साखरपट्ट्यातलीच माणसं.

या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वर्षभराची नाही, पहिल्या आठवड्यातली आहे. डॉक्टरांनी स्टेफान्सनला मुद्दाम सुरुवातीला चरबी काढलेलं, निव्वळ तांबडं मांस दिलं. दोन-तीन दिवसांत जुलाब, मळमळ, अस्वस्थता. चरबीचं मांस दिल्याबरोबर गाडी रुळावर. त्याला हे आधीच माहीत होतं. उत्तरेकडे याला 'सशाची उपासमार' म्हणतात. सशाच्या अंगावर चरबी नसते. नुसते ससे खाऊन राहणारा माणूस खात सुटतो, पोट टम्म फुगतं, तरी प्रत्येक जेवणानंतर भुकेलाच. खा-खा.

ओळखीचं वाटतंय का? आमच्या मित्राला मी विचारलं, त्या चार दिवसांत तू काय खाल्लंस? तर उकडलेलं चिकन, अंड्याचं पांढरं, सोयाबीनच्या वड्या, काकडी. तूप? "छे, तूप कसं खाणार, वजन कमी करायचंय ना." म्हणजे पिष्ट काढलं आणि त्याच्या जागी काहीच भरलं नाही. हा किटो नव्हताच. पेठेत बसून केलेली सशाची उपासमार होती ती. चुलीत लाकूड नाही आणि रॉकेलही नाही, मग चूल पेटत नाही म्हणून चुलीला शिव्या.

पहिल्या दिवसांत शरीरात काय होतं तेही थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की निम्मी शरम जाते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी. पिष्ट बंद केलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा खाली येतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन किलो कमी दिसतात आणि ज्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात, ते बरंचसं हे पाणी. इन्सुलिन उतरतं तसं मूत्रपिंड मीठही जास्त बाहेर टाकतं. मग डोकं दुखणं, गळून जाणं, उठताना चक्कर, चिडचिड. लोक याला साखरेची तलफ समजतात आणि गोड खातात. बऱ्याचदा अंगाला हवं असतं मीठ आणि पाणी.

आणि मेंदू? रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज खाणारा हा अवयव. १९६७ साली बॉस्टनला जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन लठ्ठ रुग्णांवर अभ्यास केला आणि दाखवलं की अशा वेळी मेंदू चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोनवर मोठ्या प्रमाणात चालू शकतो. पण हे एका रात्रीत होत नाही. घरात गॅसची नवी लाइन आली तरी जुनं सिलिंडर संपायला आणि शेगडी बदलायला वेळ लागतो, तसंच. १९८०च्या दशकात स्टीफन फिनी यांनी कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे जवळपास पिष्टाशिवाय ठेवलं, वरून मीठ आणि पोटॅशियम दिलं, आणि दिसलं की त्यांची दम टिकवण्याची क्षमता फारशी ढळली नाही. श्वाट्काच्या रोजनिशीतले दोन-तीन आठवडे आणि प्रयोगशाळेतले चार आठवडे. शंभर वर्षांच्या अंतराने हिशोब जवळपास जुळला.

'किटोजेनिक' हा शब्द मुळात वजनासाठी आलाच नाही, हे किती जणांना माहीत आहे? १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो वापरला, अपस्माराच्या म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी. उपास केला की फिट थांबतात असं दिसत होतं, पण लहान मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? वाइल्डर मूळचे मधुमेहाचे डॉक्टर. त्यांच्या लक्षात आलं की चरबी भरपूर आणि पिष्ट अगदी कमी दिलं तर शरीराला उपास चाललाय असंच वाटतं. त्यांचे सहकारी पीटरमन यांनी त्याची मापं बसवली: वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदकं, बाकी चरबी. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध आलं आणि हा आहार मागे पडला. चाळीस-पन्नास वर्षं तो मोजक्याच ठिकाणी जिवंत राहिला, त्यातलं एक बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. पुढे हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स आपल्या लहानग्या चार्लीला तिथे घेऊन गेले, मुलाच्या फिट थांबल्या, आणि बापाने त्यावर १९९७ साली चित्रपटच काढला. आज भारतातही मेंदूविकारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात हा आहार देतात. ते घरी वाचून करायचं काम नाही, हे अगदी स्पष्ट सांगतो.

हॉपकिन्समध्ये मिलिसेंट केली नावाच्या आहारतज्ज्ञ होत्या. या आहाराची नोंद पुस्तकात डॉक्टरांच्या नावावर होते, पण तो चालतो तो मोजून-मापून ताट बनवणाऱ्याच्या जिवावर. कांतानींनी कुलूप लावलं, मेयो-हॉपकिन्सवाल्यांनी वजनकाटा दिला आणि आईला शिकवलं. मला फरक इथे दिसतो. पाच वर्षांच्या पोराला कसला आलाय मनोनिग्रह? पण घरातलं वातावरण, जेवणाची वेळ, ताटातलं तुपा-लोण्याचं प्रमाण हे मोठ्यांनी सांभाळलं तर पोर निभावून नेतं.

आता जरा आपल्या घरात डोकावू. आपल्या घरातला माणूस किटो करतो म्हणजे नक्की काय होतं? वहिनी सकाळी त्याच्यासाठी तुपातली भाजी आणि पनीर करतात, मग पोरांसाठी पोळ्या, सासूबाईंसाठी मऊ भात. तो मात्र ग्रुपवर फोटो टाकतो. आणि रात्री साडेअकराला बिस्किटपुडा सापडतो, कारण तो ओट्यावरच असतो. घरातल्या चौघांच्या खाण्यात एक माणूस एकटा वेगळा काढायचा आणि मग त्याच्या मनोनिग्रहाची परीक्षा घ्यायची, हा खेळच मुळात चुकीचा मांडलाय. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस तरुण स्वखुशीने उपासमारीच्या प्रयोगात राहिले. धडधाकट, तत्त्वासाठी युद्ध नाकारलेले, म्हणजे निश्चयाला कमी नसलेले. ते तासन्‌तास पाककृतींची पुस्तकं वाचायचे. एकाने नियम मोडल्यावर ठरलं की बाहेर एकट्याने जायचं नाही, जोडीदार बरोबर हवा. त्यांनाही सोबत लागली.

आपण उपासाच्या देशातले लोक, त्यामुळे आपल्याला वाटतं आम्हाला खाणं सोडायची सवय आहे. पण आपल्या उपासात भात-पोळी जाते आणि साबुदाणा, वरी, रताळं येतं. म्हणजे पिष्टाच्या जागी पिष्ट. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. किटोत जे सोडायचं असतं ते आपण उपासातही कधी सोडलेलं नाही. त्यात दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, आणि कुणाकडे गेलं की 'निदान अर्धा कप तरी' हा आग्रह. हा आग्रह नाकारणं हे बिस्किट नाकारण्यापेक्षा अवघड आहे. मी स्वतः शिक्षक असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून साखर सोडली होती, ती टीचर्स रूममध्ये अकराव्या दिवशी मोडली. तलफ नव्हती आली. नवीन बाईंनी मुलगा झाल्याचे पेढे आणले होते.

तर मित्राला मी काय सांगितलं? आधी डॉक्टर. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पिष्ट तोडल्यावर डोस बदलावा लागतो, आणि काही नव्या गोळ्यांबरोबर असा आहार केला तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास, गर्भारपण, बीपीची औषधं, यांनीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या बदलल्या आणि वीस ग्रॅमचं वेड सोडून हळूहळू कमी कर म्हणून सांगितलं. मीठ किती चालेल तेही त्यांनाच विचारलं. पहिले दोन आठवडे पोटभर खायचं, तूप-खोबरं-अंड्याचा बलक घेऊन. अंग गळून गेलं तर मीठ घातलेला मठ्ठा नाहीतर अळणी रस्सा, तोही नसेल तर टोमॅटोचं सार. बिस्किटाचे डबे वहिनींनी वरच्या फळीवर नेले, कुलूप न लावता. रात्री साडेअकराला तलफ आली तर मला फोन करायचा, असं ठरलं. आणि खाल्लंच काही, तर पुढचं जेवण नेहमीसारखं. पाणी पिऊन प्रायश्चित्त नाही.

तीन वेळा फोन आला. दोनदा आम्ही क्रिकेटवर बोललो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मास्तर, खाल्लं. एक पुरणपोळी, सासुरवाडीहून आली होती." मी विचारलं, तुपाबरोबर खाल्लीस की कोरडी? तर हसायला लागला. तो ग्रुप त्याने सोडलाय. वहिनी म्हणतात आता रात्री उठत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात जुन्या काळी मधुमेह झालेल्या आजोबा-आजींच्या खाण्याच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. इन्सुलिन आपल्या जिल्ह्याच्या गावांत पोचण्याआधी लोक काय खात, काय चोरून खात, आणि घरचे काय करत? आमच्या एका शेजारच्या आजी कणकेच्या डब्याला खरंच कुलूप लावायच्या, आजोबांसाठी. किल्ली त्यांच्या कनवटीला. आजोबा शेजारी आमच्याकडे येऊन भाकरी खायचे, आणि आजींना ते माहीत होतं.